वाइन, व्हिस्की, बिअर, शॅम्पेन: प्रत्येकासाठी वेगळा ग्लास लागतोच का?

तुम्ही विचारलंय की घरी पहिल्यांदाच ग्लास घ्यायचेत, आठ प्रकारांची यादी हातात आहे, त्यातले कुठले खरंच लागतात. दोन पुरतात, खाली सांगते. पण आधी धुण्याबद्दल. आकारावर तासन्‌तास बोलणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांच्याच घरचे ग्लास तेलकट असतात.

मी चार वर्षं बारमागे काम केलं. पहिल्याच वर्षी एका संध्याकाळी लागोपाठ तीन गिऱ्हाइकांनी बिअर परत पाठवली. फेस नाही, गॅस गेलाय, अशी तक्रार. मॅनेजर सगळ्यांदेखत म्हणाले, "तुला ओतताच येत नाही." मी म्हटलं, "सर, ग्लास स्वच्छ नाहीत." त्यांनी एक उचलून दिव्यासमोर धरला. चकचकीत दिसला. माझं बोलणं तिथेच संपलं.

ते ग्लास जेवणाच्या ताटांबरोबर एकाच सिंकमध्ये, एकाच घासणीने धुतले जायचे. काचेवर राहणारा तेलाचा पातळ थर डोळ्यांना दिसत नाही, पण बिअरला कळतो. फेस टिकतो तो बिअरमधल्या प्रथिनांमुळे, आणि तेल लागलं की ते बुडबुडे भराभर फुटतात. बार बंद झाल्यावर मी एक ग्लास पाण्यात बुडवून काढला आणि आतून मीठ भुरभुरलं. स्वच्छ काचेला मीठ सगळीकडे सारखं चिकटतं. या ग्लासात तळापासून दोन बोटं वर एक पट्टा कोराच राहिला. दुसरा ग्लास नव्या घासणीने घासला, भरपूर पाण्याने खळबळला, जाळीवर पालथा घालून वाळवला. मग एकाच केगमधली (बिअरच्या पिंपातली) बिअर दोन्हींत ओतली. पहिल्यात फेस बघता बघता विरला आणि आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले. दुसऱ्यात प्रत्येक घोटानंतर काचेवर फेसाचं एकेक कडं उरत गेलं. मॅनेजरांना दोन्ही दाखवले. त्यांनी पुढच्या आठवड्यात महागडे नवे ग्लास मागवले आणि सिंक तेच ठेवलं. मला त्याचा अजून राग येतो.

आता आकार. अमुक ग्लास वाइन जिभेच्या नेमक्या जागी नेतो, असं कुणी सांगितलं तर सोडून द्या. गोड टोकाला, कडू मागे, हा जिभेचा नकाशाच चुकीचा आहे. सगळ्या चवी जीभभर कळतात. आकाराचा संबंध नाकाशी. २०१५ साली जपानमध्ये कोहजी मित्सुबायाशी यांच्या गटाने वाइनवरच्या अल्कोहोलच्या वाफेची चित्रं टिपली. वाइनचं तापमान १३ अंश सेल्सिअस असताना, वाइनच्या ग्लासात ती वाफ काठाशी कड्यासारखी जमते आणि मधोमध विरळ राहते, म्हणून वास घेताना झोंबत नाही. सरळ ग्लासात तसं कडं दिसलं नाही.

म्हणून पहिला ग्लास दांडीचा, पोटापेक्षा तोंड अरुंद असलेला. एक तृतीयांशच भरा. लाल, पांढरी, दोन्ही वाइन यात चालतात, शॅम्पेनही. शॅम्पेनसाठी म्हणून मिळणाऱ्या ग्लासांपैकी उथळ, पसरट 'कूप'मध्ये गॅस लवकर उडतो आणि उंच, अरुंद 'फ्लूट'मध्ये वासाला जागा मिळत नाही. पाणी, बर्फ न घालता प्यायची व्हिस्कीही यातच घ्या. २००१ साली आलेला, खास व्हिस्कीसाठीचा ग्लेनकेर्न ग्लासही मोठ्या पोटाचा आणि निमुळत्या तोंडाचाच आहे. दुसरा ग्लास जाड बुडाचा, सरळ, मोठा: बिअर, बर्फ घातलेली व्हिस्की, सोडा. बिअरचे मग फ्रीजरमध्ये गोठवू नका. बर्फाचा थर वितळून बिअर पातळ होते आणि इतक्या गारव्यात वास कळतच नाही.

एक राहिलं. गव्हाच्या बिअरचा फेस फार मोठा असतो, ती नेहमी पीत असाल तर तिचा उंच ग्लास जरूर घ्या. शॅम्पेनचे बुडबुडे काचेवरच्या बारीक तंतूंवर आणि ओरखड्यांवर जन्मतात, त्यामुळे तो ग्लास कोरड्या कापडाने पुसला तरी बिघडत नाही. लिपस्टिकचा डाग मात्र काठावरून हाताने घासूनच काढा, तीही चरबीच.

आणि बिअर ओतताना ग्लास तिरका धरायचा, अर्ध्याच्या वर भरला की सरळ करायचा. त्या संध्याकाळीही मी तशीच ओतत होते.