मान घासणं आधी थांबव

पत्र थोडक्यात असं: ‘मी ट्रान्स पुरुष, वय २९. सतराव्या वर्षी पीसीओएसचं (पाळी अनियमित करणाऱ्या हार्मोनच्या बिघाडाचं) निदान झालं. ३ वर्षांपासून टेस्टोस्टेरॉनची (पुरुषी हार्मोनची) इंजेक्शनं घेतोय. वर्षभरात ९ किलो वजन वाढलं. पहिल्या दिवसापासून पाठीशी उभी असलेली ताई म्हणते, हे इंजेक्शनांमुळेच, बंद कर. स्त्रीरोग विभागाबाहेरच्या बाकावर बसणं सहन होत नाही म्हणून ४ वर्षं एकही तपासणी केलेली नाही. कॉलेजपासून मान काळी आहे, घासून निघत नाही, म्हणून कॉलरचेच शर्ट घालतो. इंजेक्शनं थांबवू का?’

मित्रा, पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य कॉलरचं, आणि तेच तू ओझरतं लिहिलंस. तो मळ नाही. शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही, तेव्हा इन्शुलिन रक्तात जास्त साठतं आणि मानेच्या, काखेच्या त्वचेला वाढायला लावतं. ती जाड, काळी, मखमली होते. घासल्याने फक्त सोलवटते.

आता हिशेब कर. मान काळी कॉलेजपासून, इंजेक्शनं ३ वर्षांपासून. म्हणजे इन्शुलिनची गडबड इंजेक्शनांच्या आधीची. ताईची माया खरी, पण सगळा दोष इंजेक्शनांवर टाकणं चुकीचं. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एकही डोस चुकवू नकोस.

बाकावर बसताना तुझा जीव किती गुदमरत असेल ते कळतं. पण साखर बघायला त्या बाकावर बसावंच लागत नाही! फिजिशियन किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्टकडून (हार्मोनच्या डॉक्टरकडून) ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी लिहून घे. नुसत्या उपाशीपोटीच्या साखरेवर भागवू नकोस. पीसीओएसमध्ये ती बऱ्याचदा नॉर्मल येते आणि बिघाड दोन तासांनंतरच्या आकड्यात सापडतो. आधीचे ३ दिवस नेहमीसारखं जेव. भात-पोळी सोडून गेलास तर आकडा खोटाच वाढलेला येईल. रात्रभर, किमान ८ तास उपाशी राहा. ग्लुकोजचं पाणी ५ मिनिटांत संपव आणि दोन तास बसून राहा, फेऱ्या नकोत. उलटी झाली तर तपासणी बाद, पुन्हा करायची. दोन तासांनी १४० च्या खाली ठीक, १४० ते १९९ मधुमेहाच्या उंबरठ्यावर, २०० किंवा वर मधुमेह.

त्याच सुईत लिपिड (रक्तातली चरबी) आणि हिमॅटोक्रिटही (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) बघून घे. टेस्टोस्टेरॉनने रक्त दाट होतं. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांवर गेला तर डोस बदलावा लागतो. फॉर्मवर टेस्टोस्टेरॉन घेतोस हे लिही, नाहीतर हिमोग्लोबिन बायकांच्या मापाने वाचतील आणि उगाच घाबरवतील. रक्तदाबही मोजून घे.

मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी, पीसीओएसमध्येही देतात) सुचवलं तर ‘बायकांचं औषध’ म्हणून नाकारू नकोस. ते हार्मोन नाही, दाढी-आवाजाला हात लावत नाही. पोट बिघडू नये म्हणून जेवणासोबत, कमी डोसपासून सुरू करतात.

स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाणं मुळीच टाळायचं नाही ते पाळी थांबून बरेच महिने झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर. तेव्हा ताईला सोबत ने, तिच्या मायेचा तिथे खरा उपयोग आहे.

साखरेची तपासणी मात्र याच आठवड्यात. आजपासून ३ दिवस पोटभर जेव, चौथ्या सकाळी लॅब उघडताना दारात उभा राहा.