प्रादेशिक विद्यापीठ आणि परिसरातील रोजगार : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रादेशिक विद्यापीठांनी आपले अभ्यासक्रम परिसरातील रोजगाराच्या गरजांशी कसे आणि कितपत जुळवून घ्यावेत, या विषयावर वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काहींना येथे उत्तरे दिली आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मी एका प्रादेशिक विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाची सदस्य आहे. परिसरातील उद्योजक प्रत्येक बैठकीत ‘कुशल माणसे मिळत नाहीत’ असे सांगतात आणि त्यांच्या गरजेनुसार नवीन पदव्या सुरू कराव्यात असा आग्रह धरतात. ही गरज खरी आहे की तात्पुरती, हे आम्ही कसे ओळखावे?

उत्तर : उद्योजकांची तक्रार खोटी नसते, मात्र तिचे मूळ दर वेळी शिक्षणातच असते असे नाही. एखादे पद अनेक महिने रिकामे आहे, तरीही त्याचा पगार वाढवलेला नाही, पाळ्यांच्या वेळा बदललेल्या नाहीत आणि रुजू झालेली माणसे वर्षाच्या आत सोडून जात आहेत, असे दिसले तर तेथे पदवीधरांची टंचाई नसून त्या अटींवर काम करायला तयार असणाऱ्यांची टंचाई आहे, असे समजावे. अशी टंचाई कोणत्याही नवीन अभ्यासक्रमाने भरून निघत नाही. त्यामुळे ‘किती जागा रिकाम्या आहेत?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘गेल्या वर्षी किती जण सोडून गेले आणि का गेले?’ हेही विचारावे.

नोकरीच्या जाहिरातींवरून गरज मोजण्याची पद्धत अलीकडे फार बोकाळली आहे. संकेतस्थळांवरील जाहिरातींत मोठ्या कंपन्यांची आणि पदवी मागणाऱ्या पदांची गर्दी असते. छोटे कारखाने, दवाखाने, गोदामे, दुरुस्तीच्या कार्यशाळा यांतील बरीच भरती ओळखीपाळखीतून होते आणि ती या मोजणीत येतच नाही. शिवाय रोजगाराच्या बहुतेक जागा नव्याने निर्माण झालेल्या नसतात, तर निवृत्त होणाऱ्यांच्या किंवा व्यवसाय सोडणाऱ्यांच्या जागी भरायच्या असतात. परिसरातील परिचारिका, वीजतंत्रज्ञ आणि शिक्षक यांचे सरासरी वय किती आहे, ही साधी माहिती गाजावाजा झालेल्या एखाद्या नव्या उद्योगाच्या घोषणेपेक्षा नियोजनाला अधिक उपयोगी पडते.

यानंतर काळाचे गणित मांडावे. पदवीचा प्रस्ताव, मंजुरी, शिक्षकांची नेमणूक, पहिला प्रवेश आणि पहिली तुकडी बाहेर पडणे यांत सहज पाच-सहा वर्षे जातात. आज रिकाम्या असलेल्या जागेला पदवी हे उत्तर होऊच शकत नाही. जी गरज दहा वर्षांनीही राहील असे मानायला आधार आहे, तिच्यासाठी पदवी असावी. जी दोन वर्षांत बदलू शकते, तिच्यासाठी काही आठवड्यांचा किंवा एका सत्राचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पुरेसा आहे. एखाद्या विशिष्ट यंत्राचे किंवा सॉफ्टवेअरचे नाव पदवीच्या शीर्षकात येऊ लागले, की मंडळाने तेथेच थांबून फेरविचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र या सगळ्याहून महत्त्वाचे आहे ते काम प्रत्यक्ष पाहणे. समजा, दुग्धप्रक्रिया प्रकल्पाचे व्यवस्थापक ‘दुग्धतंत्रज्ञानाची पदवी सुरू करा’ असे म्हणतात. मंडळाच्या दोन सदस्यांनी तेथे रात्रपाळीत पूर्ण वेळ बसावे. सलग प्रवाहाच्या पाश्चरीकरणात दूध किमान ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद राहावे लागते. तापमान त्याखाली घसरले की प्रवाह वळवणारी झडप ते दूध मागे फिरवते. पहाटे आलेखावर अशी घसरण उमटते. पाळीवरच्या तरुणाला ठरवायचे असते की घसरण खरी आहे की तापमापक चुकीचे दाखवतो आहे, आधीचा साठा रोखून धरायचा का, प्रयोगशाळेला कोणता नमुना पाठवायचा आणि सकाळी येणाऱ्या सहकाऱ्यासाठी नोंदवहीत नेमके काय लिहून ठेवायचे. यासाठी लागते ते मोजमापाच्या अचूकतेचे भान, थोडे संख्याशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्राचा पक्का पाया आणि चार ओळींत नि:संदिग्ध लिहिण्याची सवय. व्यवस्थापकांना ‘संवादकौशल्य’ हवे असते तेव्हा पुष्कळदा त्यांना या नोंदवहीतल्या चार ओळीच अभिप्रेत असतात. हे पाहिल्यावर नव्या पदवीचा आग्रह उरत नाही. असलेल्या रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्यांत प्रक्रिया-नियंत्रण व संख्याशास्त्र यांचा एक चांगला विषय आणि प्रकल्पातील एक सत्र एवढे पुरते. तेच पदवीधर पुढे औषधनिर्मितीत किंवा पाणीपुरवठ्यातही उभे राहू शकतात.

प्रश्न : मी एका कारखान्यात मनुष्यबळ विभाग सांभाळतो आणि विद्यापीठाच्या सल्लागार समितीवर आहे. वर्षातून एकदा बैठक होते, आम्ही सूचना करतो, इतिवृत्त लिहिले जाते आणि पुढे काहीच घडत नाही. उद्योगाने आणखी काय करावे?

उत्तर : सूचना करायला खर्च येत नाही, म्हणूनच त्यांचे वजन पडत नाही. ज्या व्यवस्था टिकल्या, त्यांत उद्योगाने जबाबदारी अंगावर घेतलेली दिसते. अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आलटून पालटून वर्गात आणि कारखान्यात शिकवण्याची पद्धत सुरू केली. जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात १९७४ पासून अशीच दुहेरी व्यवस्था उभी राहिली आणि २००९ मध्ये तिला विद्यापीठाचे स्वरूप मिळाले. तेथे विद्यार्थ्याचा आधी कंपनीशी करार होतो, सुमारे तीन-तीन महिन्यांनी तो कंपनी आणि संस्था यांत फिरतो आणि वर्गात असतानाही कंपनी त्याला वेतन देते. ज्या कंपनीला तीन वर्षांचे वेतन मोजायचे आहे, ती किती माणसे लागतील याचा अंदाज फुगवून सांगत नाही. माणसांच्या गरजेचा याहून विश्वासार्ह आकडा कोणत्याही सर्वेक्षणातून मिळत नाही.

आपल्या कारखान्याला एवढे शक्य नसेल तर तीन गोष्टी कराव्यात : यंत्रावरचे काही तास विद्यार्थ्यांसाठी लेखी राखून ठेवावेत, प्रशिक्षणार्थींना विद्यावेतन द्यावे आणि दर वर्षी एका प्राध्यापकाला काही आठवडे कारखान्यात काम करू द्यावे. तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त आहे आणि तिचा परिणाम सर्वाधिक काळ टिकतो, कारण तो प्राध्यापक पुढची अनेक वर्षे शिकवणार असतो. बैठकीत मात्र मागच्या वर्षीच्या प्रत्येक सूचनेचे काय झाले हा विषय पहिल्या क्रमांकावर घ्यायला लावा. विद्यापीठाने सूचना नाकारली असेल तर त्याची कारणेही इतिवृत्तात आली पाहिजेत.

प्रश्न : मुलीला स्थानिक खाणउद्योगाशी जोडलेल्या अभ्यासक्रमात प्रवेश मिळतो आहे. नोकरी जवळपास मिळेल, पण उद्या तो उद्योगच बंद पडला तर?

उत्तर : आपली काळजी अगदी रास्त आहे आणि इतिहासात तिला दाखलेही आहेत. अमेरिकेतील मिशिगन राज्यात तांब्याच्या खाणींसाठी १८८५ मध्ये ह्यूटन येथे खाणविद्येची शाळा निघाली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्या परिसरातील जुन्या खाणी बंद झाल्या. संस्था मात्र तोवर अभियांत्रिकी आणि वनशास्त्रापर्यंत विस्तारली होती आणि आज ती मिशिगन तंत्रज्ञान विद्यापीठ म्हणून चालू आहे. इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथे १८८८ मध्ये स्थापन झालेल्या कॅम्बोर्न खाणविद्यालयाच्या भागात साउथ क्रॉफ्टी ही कथिलाची खाण १९९८ मध्ये बंद पडली, तरी त्या विद्यालयाचे पदवीधर जगभरच्या खाणींत काम करत राहिले. दोन्ही ठिकाणी विद्यार्थ्यांना एका खाणीचे नव्हे, तर भूगर्भशास्त्र, धातुशास्त्र आणि सर्वेक्षण यांचे शिक्षण मिळत होते.

तेव्हा प्रवेशापूर्वी अभ्यासक्रमाची विषयपत्रिका मागवून घ्या आणि दुसऱ्या उद्योगातही चालतील असे विषय त्यात किती आहेत ते मोजा. ते निम्म्याहून कमी असतील तर मी तरी प्रवेश घ्यायला सुचवणार नाही. आणखी एक विचारा : उत्तीर्ण झाल्यावर सहा महिन्यांनी नव्हे, तर तीन वर्षांनी जुने विद्यार्थी कोठे आहेत? पहिली नोकरी लावून देण्याचा आकडा बहुतेक संस्था अभिमानाने छापतात. तीन वर्षांनंतरची माहिती ज्या संस्थेकडे आहे, ती आपल्या विद्यार्थ्यांचा माग मनापासून ठेवते.

प्रश्न : मी इतिहास शिकवतो. रोजगाराच्या नावाखाली आमचे विभाग बंद होतील का?

उत्तर : असा प्रयत्न झाल्यास त्याला विरोध करावा. परिसरातील शाळा, ग्रंथालये, संग्रहालये, वृत्तपत्रे, पर्यटन आणि प्रशासन हेही रोजगारच आहेत, आणि ‘उद्योग’ म्हणजे कारखाना एवढाच अर्थ धरला तर गणनाच चुकते. त्याच वेळी आपल्या विभागानेही अभिलेखांचे जतन किंवा मौखिक इतिहासाचे संकलन यांसारखी प्रत्यक्ष कामे पदवीत आणली पाहिजेत. त्याने विषयाची प्रतिष्ठा कमी होत नाही.

प्रश्न : आमच्या भागात उद्योगच नाहीत. पदवीधर मोठ्या शहरांत जातात. मग आमच्या विद्यापीठाने कोणत्या ‘स्थानिक गरजे’शी अभ्यासक्रम जुळवायचे?

उत्तर : कामे असतात, ती करायला माणसे नसतात, अशीही गरज असते आणि ती जाहिरातीत दिसत नाही. नॉर्वेच्या अतिउत्तरेकडील भागात डॉक्टरांची सतत उणीव असे, कारण दक्षिणेत शिकलेले डॉक्टर तेथे येत नसत. १९६८ मध्ये ट्रोम्सो येथे विद्यापीठ स्थापण्याचा निर्णय झाला आणि १९७२ मध्ये अध्यापन सुरू झाले. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा काही भाग उत्तरेतील छोट्या रुग्णालयांत आणि गावोगावच्या दवाखान्यांत होई. पहिल्या तुकड्यांचा जो अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात एकूण पदवीधरांपैकी सुमारे ५६ टक्के उत्तरेतच काम करत असल्याचे आढळले. उत्तरेतच वाढलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ८२ टक्के होते.

यावरून आपल्या विद्यापीठाला दोन गोष्टी करता येतील. परिसरातील विद्यार्थ्यांना प्रवेश मिळेल अशी व्यवस्था करावी, आणि प्रशिक्षणाचे ठिकाण मोठ्या शहरातल्या सोयीच्या संस्थेऐवजी परिसरातील छोट्या संस्थेत ठेवावे, मग तेथे मार्गदर्शक नेमण्यासाठी जास्त खर्च आला तरी चालेल. प्रारंभ परिचर्या, शिक्षक-शिक्षण, पाणी-व्यवस्थापन किंवा पशुवैद्यक यांपैकी एखाद्या शाखेपासून करावा, कारण या कामांसाठी आधी कारखाना यावा लागत नाही.