वाचकांचे प्रश्न : झिजलेला स्टब अ‍ॅक्सल वेल्डिंगने भरावा का?

प्रश्न : माझ्याकडे १९७२ ची अँबेसिडर आहे. पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग दोनदा बदललं, तरी चाक हलतंच. आतल्या बेअरिंगची रिंग स्टब अ‍ॅक्सलवर, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या दांड्यावर, डुगडुगते. हिंगणा एमआयडीसीतले एक टर्नर म्हणतात, वेल्डिंगने भरून लेथवर उतरवून देतो. दुसरे म्हणतात, पंचाने (टोकदार छिन्नीने) दांड्यावर ठिपके मारून रिंग घट्ट बसवा. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : कुणाचंच नको. ठिपक्यांची टोकं थोड्याच दिवसांत चेपतात आणि रिंग पुन्हा फिरू लागते. वेल्डिंग तर धोक्याचं. उष्णतेने पोलादाचं मूळ टेम्परिंग (चिवटपणा देणारी उष्णता-प्रक्रिया) जातं, कडेचा भाग ठिसूळ होतो. दांडा खांद्याला, म्हणजे बुडाच्या जाड भागाला, मिळतो त्या गोलाईवर सगळा ताण येतो. तिथे तडा गेला तर चाकासकट दांडा तुटतो.

आधी मायक्रोमीटरने दांड्याच्या व्यासाचं उभं आणि आडवं, दोन्ही माप घ्या. गाडीचं वजन दांड्याच्या खालच्या अंगावर असतं, त्यामुळे झीजही तिथेच जास्त. दांडा आणि नवं बेअरिंग रात्रभर एकत्र ठेवून सकाळी मोजा. ३० मिमीचा दांडा २० अंशांनी तापला की सुमारे ०.००७ मिमी फुगतो. मे महिन्यातल्या दुपारी उन्हातल्या गाडीवर घेतलेलं माप फसवतं.

रिंग हाताने सरकत बसावी, अशीच इथली रचना असते. ०.०१ ते ०.०३ मिमी ढिलाई दोष नव्हे. त्याहून जास्त असेल तर हार्ड क्रोम, म्हणजे क्रोमियमचा जाड, कठीण थर चढवणारं प्लेटिंग, करून घ्या.

पण त्याआधी डाय पेनिट्रंटने (तड्यात शिरून तो दाखवणाऱ्या लाल रंगाने) तडे तपासा. गोलाईत एक जरी लाल रेघ उमटली तरी तो दांडा भंगारात टाका, दुसरा शोधा. दांडा निर्दोष असेल तर झिजलेला भाग गोल होईपर्यंत ग्राइंड करायचा, मापापेक्षा जाड क्रोम चढवायचा आणि पुन्हा ग्राइंड करून मापावर आणायचा. गोलाईवर आणि आट्यांवर क्रोम चढू देऊ नका, ते भाग झाकून घ्यायला सांगा. प्लेटिंगमध्ये पोलादात हायड्रोजन शिरतो, त्याने दांडा ठिसूळ होतो. म्हणून काही तासांच्या आतच तो सुमारे २०० अंशांवर भट्टीत भाजावा लागतो. ही पायरी बरेच जण गाळतात. काम देतानाच स्पष्ट विचारा.

बेअरिंग टेपर रोलरचं (निमुळत्या रोलरांचं) असेल तर हब फिरवत नट आवळा, मग थोडा सैल करा. डायल गेजवर (बारीक हालचाल मोजणाऱ्या काट्याच्या मापकावर) हबचा आत-बाहेर ०.०२ ते ०.१० मिमी खेळ दिसला पाहिजे. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. नट अडवणारी स्प्लिट पिन नवीनच घाला.