तोट्याच्या यादीतला एक रकाना

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

रुग्णालयाच्या हिशेब खात्यात रुजू होऊन महिना होत नाही तोच तुला ‘तोट्यातल्या केसेस’ची यादी काढायला सांगितली, हे वाचून मला माझी अशीच एक यादी आठवली.

आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पण रुग्णालयाच्या हाती येतो तो त्या शस्त्रक्रियेसाठी ठरलेल्या पॅकेजचा आकडा. पॅकेज बेतलेले असते सर्वसाधारण रुग्णावर. चार दिवसांत चालत घरी जाणाऱ्याच्या मागे थोडे उरते आणि एखाद्याच्या मागे ते सगळे जाते. खानापूरकडच्या एका मधुमेही आजींचे खुब्याचे ऑपरेशन झाले, जखम चिघळली आणि त्या दीड महिना राहिल्या. त्यांचा केसपेपर इतका फुगला होता, की टाचणी बसेना म्हणून मी तो सुतळीने बांधला होता. सून जिन्याखालच्या बाकावर भाकरीचे गाठोडे उशाला घेऊन झोपायची.

मी काय केले, तर महिन्याच्या तक्त्यात सर्जनच्या नावापुढे तो तोटा लाल शाईने मांडला. आकडा बरोबर होता, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. पुढे मात्र साखर वाढलेले म्हातारे रुग्ण तपासणीतूनच मिरजेला किंवा कोल्हापूरला ‘रेफर’ होऊ लागले आणि आमचा तक्ता सुधारला. त्या सुधारणेबद्दल मला शाबासकीही मिळाली, हे आज लिहिताना बरे वाटत नाही.

अमेरिकेत १९८३ साली मेडिकेअरने, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याने, निदानानुसार ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली, तेव्हा बेसुमार खर्चाच्या रुग्णांसाठी एकूण रकमेतला ५ ते ६ टक्के वाटा वेगळा राखण्याची तरतूद कायद्यातच होती. तसा गल्ला आपल्या रुग्णालयाला स्वतः राखावा लागतो आणि तो भरतो सोप्या, लवकर घरी जाणाऱ्या केसेसमधून. म्हणून तोट्याची यादी एकटी देऊ नकोस, नफ्याचीही जोड. एखाद्या शस्त्रक्रियेत फारच उरते आहे आणि तिची संख्याही वाढते आहे असे दिसले, तर गरज नसताना ती होते आहे का, हे आधी डॉक्टरांशी बोलून पाहा.

सीमाभागाचा एक वेगळा गुंता आहे. चंदगडचा रुग्ण बेळगावला येतो, त्याचे रेशन कार्ड महाराष्ट्राचे असते. उलट बाजूने, महाराष्ट्राने कर्नाटकात असलेल्या सीमाभागातील ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणायचे ठरवले, त्याला कर्नाटकाने हरकत घेतली. तो वाद सरकारांचा. तू मात्र रुग्ण दाखल होतानाच कार्ड पाहून मंजुरी माग, कारण डिस्चार्जच्या दिवशी निघालेली त्रुटी शेवटी तोट्यातच जमा होते.

यादी देताना सर्जनच्या नावाचा रकाना काढून टाक आणि तिथे वय, साखर, मूत्रपिंडाचा त्रास, दाखल होण्यापूर्वी गेलेले दिवस एवढे लिही. वरिष्ठ नाव विचारतील. तेव्हा केसपेपरच समोर ठेव.

तुझा,
एक जुना हिशेबनीस