बाळाशी हातांनी बोलताना

लहान बाळांना सांकेतिक भाषा शिकवण्याबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. कर्णबधिर बाळाची गरज वेगळी आणि ऐकू येणाऱ्या बाळाची वेगळी, म्हणून एकाचं उत्तर दुसऱ्याला लावू नका.

प्रश्न : आमच्या पाच महिन्यांच्या मुलीच्या बेरा चाचणीत (आवाजाला मेंदूचा प्रतिसाद मोजणारी श्रवणचाचणी) दोन्ही कानांत ९० डेसिबलच्या पुढचा श्रवणदोष निघाला. वर्षाच्या सुमारास कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचं श्रवण-उपकरण, त्याचा एक भाग बाहेर लावतात) करायचं ठरतंय. खुणा दाखवल्या तर ती बोलणार नाही, असं आम्हाला सांगितलं गेलं. घरात आम्हा सगळ्यांना ऐकू येतं. काय करावं? (सातारा)

उत्तर : खुणा आजच सुरू करा. इम्प्लांटची तयारी थांबवायची नाही, श्रवणयंत्र दिलं असेल तर ती जागी असेल तितका वेळ लावायचं. पण काळाचा हिशेब करून बघा. शस्त्रक्रिया वर्षाच्या सुमारास, यंत्र चालू होणार त्यानंतर काही आठवड्यांनी, आणि आवाजाला अर्थ यायला पुढे कित्येक महिन्यांची थेरपी. तोवर मूल दीड-दोन वर्षांचं होतं. भाषा शिकायला मेंदू सर्वांत तयार असतो ती हीच वर्षं. ती भाषेविना गेली तर नंतर भरून काढणं फार अवघड जातं, आणि हे नुकसान कानाच्या दोषामुळे होत नाही, वाट बघण्यामुळे होतं.

बधिर आईवडिलांच्या घरातली बधिर मुलं खुणांची भाषा वेळच्या वेळी शिकतात. त्यांचे बोबडे बोलही हातांनी होतात. लॉरा-ॲन पेटिटो आणि पॉला मॅरेंटेट या संशोधकांनी १९९१ मध्ये ते नोंदवलं. खुणा शिकल्याने बोलणं अडतं, या समजुतीला भक्कम आधार नाही. इम्प्लांट झाल्यावरही अंघोळीला, झोपताना, बॅटरी उतरली की बाहेरचं यंत्र निघतंच, तेव्हा हात उपयोगी पडतात.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते. बाळाला समोर घ्या, अर्धा ते एक मीटर अंतरावर. उजेड तुमच्या तोंडावर हवा; खिडकी पाठीमागे असली तर चेहरा आणि हात काळे दिसतात. छापील साडी किंवा कुर्त्यावर हात हरवतात, म्हणून त्वचेपेक्षा वेगळ्या रंगाचं साधं कापड बरं. खूण मोठी, सावकाश आणि दोन-तीनदा करा. बाळ तुमच्याकडे बघत नसेल तर खूण तिच्या नजरेच्या वाटेत, वस्तूच्या शेजारी किंवा थेट तिच्या अंगावर करा. चेहरा कोरा ठेवू नका, कारण भुवया आणि मान हा या भाषेच्या व्याकरणाचाच भाग आहे.

शब्दांच्या नुसत्या यादीवर थांबू नका. आईवडिलांनी मुलीच्या चार पावलं पुढे राहायचं, म्हणजे आठवड्याला पाच-सहा नव्या खुणा आणि त्यांची छोटी वाक्यं. भारतीय सांकेतिक भाषेत कर्ता, कर्म, क्रियापद असा मराठीसारखाच क्रम बहुधा असतो आणि प्रश्नाचा शब्द शेवटी येतो, जसं ‘आई कुठे?’, त्यामुळे हा क्रम अंगवळणी पडायला वेळ लागत नाही. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा दृक्‌श्राव्य शब्दकोश फुकट आहे. २०२१ च्या आवृत्तीत त्यात दहा हजार शब्द झाले. तरी शब्दकोशातून भाषा येत नाही. आठवड्यातून एकदा तरी एखादी बधिर प्रौढ व्यक्ती घरी यावी आणि तिने बाळाशी गप्पा माराव्यात, याला पर्याय नाही. जवळच्या कर्णबधिर शाळेत किंवा मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग या श्रवणदोषासाठीच्या संस्थेत चौकशी करा.

प्रश्न : माझा दीड वर्षाचा बधिर मुलगा खेळात रमला की हातांकडे बघतच नाही. हनुवटी धरून वळवली तर रडतो. (अकोला)

उत्तर : हनुवटी धरणं आधी बंद करा. ऐकू येणारं मूल गाडीकडे बघता बघता ‘गाडी’ ऐकतं. तुमच्या मुलाला दोन्ही कामं डोळ्यांनीच करायची आहेत, तीही एकापाठोपाठ. त्याला गाडी मनसोक्त बघू द्या. तो आपणहून मान वर करेल त्या क्षणी खूण करा, आणि पुन्हा गाडीकडे वळू द्या. घाईच असेल तर खांद्यावर हलकी थाप, नजरेच्या कडेला हात हलवणं, किंवा लाकडी फळीवर पाय आपटणं चालतं. फरशीवर कंपन फारसं पोचत नाही. गाडी उचलून तुमच्या तोंडाजवळ आणली की नजर तिच्यामागे येते, तिथे खूण करा आणि गाडी लगेच परत द्या. न दिल्यास ती युक्ती फार दिवस चालणार नाही.

प्रश्न : आमच्या सात महिन्यांच्या बाळाला नीट ऐकू येतं. व्हिडिओ बघून ‘बेबी साईन’ शिकवावं का? सासूबाई म्हणतात, अशाने बोलणं लांबेल. (नाशिक)

उत्तर : हौसेनं शिकवा. सासूबाईंना सांगा, टाटा करणं आणि बाप्पाला जेजे करणं हीसुद्धा खूणच आहे, आणि त्याने कोणाचं बोलणं लांबलं नाही. मात्र यामुळे मूल लवकर बोलेल किंवा हुशार होईल, असं सांगून कोणी महागडा वर्ग विकत असेल तर पैसे देऊ नका. तसा खात्रीचा पुरावा नाही. बोलता येण्याआधी बाळाला काय हवंय ते कळतं आणि आपण त्याच्याकडे जास्त लक्ष देऊन बघतो, हा फायदा पुरेसा आहे.

नेटवरचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकन खुणांचे असतात. शिकायचंच तर भारतीय खुणा घ्या, पुढे एखाद्या बधिर माणसाशी बोलायलाही उपयोगी पडतील. जेवणाला बोटं जुळवून तोंडाकडे नेतात, वडिलांना मिशी, आईला नाकातल्या चमकीची जागा. काही खुणा प्रदेशाप्रमाणे बदलतात, म्हणून घरात एका गोष्टीला एकच खूण ठरवा आणि आजीआजोबांनाही तीच शिकवा.

सुरुवातीला तीन-चारच निवडा, आणि सगळ्या गरजेच्या नकोत. पंखा, भूभू, दिवा यांचं बाळाला दुधाइतकंच अप्रूप असतं. शब्द तोंडाने म्हणताना त्याच वेळी खूण करा : दूध देण्याआधी, पिताना मध्येच, आणि संपल्यावर. एक-दोन महिने उत्तर येणार नाही. बहुतेक लोक इथेच सोडून देतात, खरं तर बाळ तेव्हा समजून घेत असतं. बाळ आठ-दहा महिन्यांचं झालं की पहिली खूण दिसू लागते.

एक सावधगिरी. वर्षाचं होऊनही बोट दाखवत नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेलं बोलणं गेलं, तर खुणांवर भागवत बसू नका. आधी श्रवणचाचणी आणि बालरोगतज्ज्ञ.

प्रश्न : अकरा महिन्यांची मुलगी ‘जेवण’ची खूण करताना अख्खा पंजा तोंडावर मारते. हात धरून सुधारावं का? (ठाणे)

उत्तर : नको. बाळांना खुणेची जागा आधी जमते, बोटांचा आकार सर्वांत शेवटी. उघडा पंजा, मूठ आणि एक बोट एवढेच आकार या वयात सोपे. मनगटाऐवजी अख्खा हात हलतो. तिची खूण मान्य करा, घास द्या आणि देताना स्वतः बरोबर करून दाखवा.

प्रश्न : मुलगा डाव्या हाताने खुणा करतो. (बेळगाव)

उत्तर : करू द्या. डावखुरे बधिर लोकही तशाच करतात आणि समोरच्याला बिनचूक कळतं.