वाचकांचे प्रश्न : टॉम, हक आणि दहा सेंटची पुस्तकं

मागच्या अंकात मी मार्क ट्वेनच्या 'टॉम सॉयर'बद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, की १८७६ साली आलेलं हे पुस्तक अजूनही दहा-बारा वर्षांच्या पोरांना धरून ठेवतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यालाच द्यायचं ठरवलंय. बरेच प्रश्न सारखे होते, ते एकत्र केलेत.

प्रश्न : आम्ही साठच्या दशकात शाळेच्या लायब्ररीतून साहसाची खूप पुस्तकं वाचली. खजिन्याचं बेट, पाणबुडीतला तो कॅप्टन, आणि रेड इंडियन दोस्त असलेला जंगलातला शिकारी. ही सगळी अमेरिकनच ना? नातवाला सांगायचंय म्हणून विचारतो. (एक आजोबा, सदाशिव पेठ)

उत्तर : आजोबा, तिघांतला एकच अमेरिकन. खजिन्याच्या बेटाचा स्टीव्हन्सन स्कॉटिश, ते पुस्तक १८८३ चं. पाणबुडीवाला ज्यूल व्हर्न फ्रेंच, आणि भा. रा. भागवतांनी त्याला मराठीत आणला म्हणून तो आपल्याला घरातला वाटतो. शिकारी मात्र अस्सल अमेरिकन. त्याचं नाव नॅटी बंपो, उर्फ हॉकआय, आणि लेखक जेम्स फेनिमोर कूपर. १८२३ ते १८४१ या काळात कूपरनं त्याच्यावर पाच कादंबऱ्या लिहिल्या, त्यातली सगळ्यात गाजलेली 'द लास्ट ऑफ द मोहिकन्स' १८२६ ची. तिची गोष्ट घडते १७५७ मध्ये, न्यूयॉर्क प्रांतात लेक जॉर्जच्या काठी फोर्ट विल्यम हेन्री नावाचा किल्ला होता तिथं, इंग्रज आणि फ्रेंचांच्या लढाईत. आता नातवाला हे नक्की सांगा, की त्याच साली इकडं प्लासीची लढाई झाली, म्हणजे तेच इंग्रज तिकडंही लढत होते आणि इकडंही, एकाच मोठ्या भांडणाची ही दोन टोकं.

कूपरनं ही पुस्तकं मुलांसाठी लिहिली नव्हती, मोठ्यांसाठी लिहिली, पण पोरांनी ती ओढून घेतली आणि मग प्रकाशकांनी कापून-छाटून मुलांच्या आवृत्त्या काढल्या. आपण वाचलं ते बहुतेक असंच छाटलेलं. त्याची भाषा जड आहे हे खरंच, मार्क ट्वेननं तर १८९५ मध्ये लेख लिहून त्याची एकेक चूक दाखवली होती, त्यातली एक म्हणजे शांत राहायची वेळ आली की याच्या गोष्टीत कुणीतरी वाळक्या काटकीवर पाय देणारच. तरी जंगल, झरे, रात्रीचा पाठलाग यात कूपर अजून वाचायला लावतो असं माझं मत. एक गोष्ट मात्र राहू नये : नावात 'शेवटचा' असलं तरी मोहिकन लोक संपलेले नाहीत, त्यांचे वंशज स्टॉकब्रिज-मुन्सी या नावानं आज अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात राहतात. आपण लहानपणी ते पुस्तक मिटलं तेव्हा एक अख्खी जमात संपली असं समजून मिटलं होतं, नातवाचं तसं होऊ देऊ नका.

प्रश्न : मुलगा १२ वर्षांचा, इंग्लिश मीडियम. त्याला हकलबेरी फिनची ९० पानी चित्रांची आवृत्ती आणून दिली, एका संध्याकाळी संपवली आणि म्हणाला, ठीक आहे, दोघं तराफ्यावरून फिरतात. ओरिजिनल द्यावं का? पण त्यात फार वाईट शब्द आहेत असं ऐकलंय. (एक आई, कोथरूड)

उत्तर : द्या. पण नुसतं हातात देऊन मोकळं होऊ नका, पहिले काही दिवस शेजारी बसून वाचा. मी माझ्या भाचीबरोबर असंच वाचलं होतं, रात्री जेवणं झाली की गॅलरीत, रोज एक चॅप्टर, आणि मला ते पुस्तक खरं तर तेव्हाच कळलं.

तुमच्या मुलाचं काहीच चुकलेलं नाही, त्याला जे दिलं त्यात फिरणंच उरलं होतं. हेही मार्क ट्वेनचंच पुस्तक, मुळात गोष्ट काय आहे बघा. १८३०-४० च्या आसपासचा काळ, मिझुरी राज्य, तिथं माणसं विकत घेणं कायदेशीर. जिम हा मिस वॉटसन नावाच्या बाईचा गुलाम. ती आपल्याला ८०० डॉलरला खाली न्यू ऑर्लिन्सकडं विकणार हे त्याच्या कानावर पडतं, आणि तो पळतो. हक दारुड्या, मारकुट्या बापापासून पळालेला, डुकराचं रक्त सांडून आपला खून झालाय असं भासवून. दोघं मिसिसिपी नदीतल्या बेटावर भेटतात. पुढं कैरो गावाशी ओहायो नदी येऊन मिळते, तिथून वर, गुलामगिरी नसलेल्या राज्यांकडं गेलं तर जिमची सुटका, पण धुक्यात ते गाव मागं पडतं आणि तराफा आणखी आणखी दक्षिणेला, म्हणजे गुलामगिरीच्याच पोटात जात राहतो. मुलाला नकाशा काढून द्या आणि नदीवर बोट ठेवून ही चूक दाखवा, पुढच्या प्रत्येक पानाला धाक येतो.

आता ज्यासाठी पुस्तक वाचायचं तो भाग. ३१ वा चॅप्टर. हकला लहानपणापासून हेच शिकवलंय की पळालेल्या गुलामाला मदत करणं म्हणजे चोरी, आणि चोरी करणारा नरकात जातो. तो मिस वॉटसनला चिठ्ठी लिहितो, तुमचा जिम इथं आहे म्हणून. लिहून झाल्यावर त्याला एकदम स्वच्छ वाटतं. आणि मग त्याला जिम आठवायला लागतो, रात्री आपली पाळी संपली तरी याला झोपू देऊन स्वतःच जागा राहणारा, धुक्यातून परत सापडल्यावर आनंदानं रडणारा. शेवटी तो चिठ्ठी फाडतो, म्हणतो, चला, मग जातो नरकात. त्याला आपण बरोबर आहोत असं वाटतच नाही हो, तो स्वतःला पापीच समजतो आणि तरीही फाडतो. बारा वर्षांच्या मुलाला हे समजतं, माझ्या भाचीला समजलं, ती बराच वेळ काही बोललीच नाही आणि मग तिनं विचारलं की याला कुणी सांगितलं का नाही की तू चांगला आहेस. छोट्या आवृत्त्यांमध्ये हा प्रसंग चार ओळींत उरकतात, काहींत तर तेवढाही नसतो.

शब्दाबद्दल. काळ्या माणसांसाठीची ती शिवी पुस्तकात दोनशेहून जास्त वेळा येते, कारण त्या गावात सगळे तसंच बोलायचे, भली माणसंसुद्धा. २०११ मध्ये तिकडं एक आवृत्ती निघाली ज्यात तो शब्द काढून सगळीकडं 'गुलाम' घातलं, त्यावर मोठा वाद झाला. मला स्वतःला तो बदल पटत नाही, पण शब्द मोठ्यानं वाचायचा नाही हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं, तिथं आला की क्षणभर थांबायचं आणि पुढं जायचं. मुलाला स्पष्ट सांगा की आपल्याकडं माणसाला त्याच्या जातीवरून हिणवून हाक मारतात तशातला हा शब्द आहे, आणि हक लहानपणापासून तेच ऐकत आलाय म्हणून बोलतो. १८८५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या कॉंकर्डच्या लायब्ररीनं हे पुस्तक काढून टाकलं होतं तेव्हा कारण वेगळंच होतं, हकची भाषा गावंढळ आणि वागणं असभ्य. या शिवीबद्दलचे आक्षेप फार पुढं आले, आणि ते घेणाऱ्या काळ्या पालकांचं दुखणं खरं आहे, वर्गात एकट्याच काळ्या मुलाला तो शब्द ऐकत बसावं लागतं तेव्हा काय होत असेल याचा विचार तुमच्या मुलानंही करू दे.

आणि पुण्यात राहता तर एक दिवस त्याला फुलेवाड्यात घेऊन जा. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' १८७३ मध्ये प्रसिद्ध केलं, टॉम सॉयरच्या तीन वर्षं आधी, आणि ते अर्पण केलंय अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना ज्यांनी काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी स्वतःची झीज सोसली. तिकडं गुलामगिरी कायद्यानं बंद झाली १८६५ मध्ये, आणि गंज पेठेतला माणूस आठ वर्षांत त्याची नोंद घेऊन आपल्या लोकांसाठी त्यातून बळ काढतो. हे कळलं की मिसिसिपी एवढी लांबची वाटत नाही.

प्रश्न : आमच्या घरी बाबूराव अर्नाळकरांची जुनी रहस्यकथांची पुस्तकं आहेत. अमेरिकेत 'डाइम नॉव्हेल' म्हणायचे ते असंच काहीतरी होतं का? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कात्रज)

उत्तर : बरंचसं हो! स्वस्त, पातळ, एका बैठकीत संपणारं आणि घरच्यांपासून लपवून वाचायचं. डाइम म्हणजे दहा सेंटचं नाणं. जून १८६० मध्ये न्यूयॉर्कच्या बीडल कंपनीनं पहिलं पुस्तक काढलं, 'मलेस्का', लिहिणारी एक बाई, ॲन स्टीफन्स, आणि गोष्टही मासिकात आधी येऊन गेलेली. त्याच वर्षी एडवर्ड एलिस नावाच्या वीस वर्षांच्या शाळामास्तरचं 'सेथ जोन्स' आलं आणि धडाक्यात खपलं. वाफेवरची छापखान्याची यंत्रं, रेल्वे, आणि वाचता येणारी भरपूर जनता, हे तिन्ही एकदम जुळून आलं. लगेच पुढच्या वर्षी यादवी युद्ध सुरू झालं आणि छावणीत बसलेले सैनिक ही पुस्तकं एकमेकांत फिरवत वाचायला लागले.

तुम्ही इंजिनिअरिंगचे म्हणून एक खास. याच एलिसनं १८६८ मध्ये 'द स्टीम मॅन ऑफ द प्रेअरीज' लिहिलं, त्यात जॉनी ब्रेनर्ड नावाचा पोरगा दहा फूट उंच वाफेवर चालणारा लोखंडी माणूस बनवतो आणि त्याला गाडी जोडून माळरानावर फिरतो. हे हवेतून आलेलं नव्हतं, त्याच वर्षी न्यू जर्सीतल्या नेवार्कमध्ये झाडॉक डेडरिक यानं खरोखर असा वाफेचा माणूस बनवून पेटंट घेतलं होतं. मात्र ही पुस्तकं वाचताना डोळे उघडे ठेवा, मूळ रहिवाशांना त्यात बहुतेक वेळा मारायच्या निशाण्यासारखंच वापरलंय, आणि ते वाचून एक अख्खी पिढी वाढली.

फरक एक मोठा आहे. अर्नाळकर एकटे माणूस, एकट्यानं हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. तिकडं बऱ्याचदा नाव कंपनीचं आणि लिहिणारे बदलते. हीच पद्धत एडवर्ड स्ट्रॅटेमेयरनं पुढं नेली, १८९९ मध्ये 'रोव्हर बॉईज' ही मुलांची पुस्तकमालिका सुरू केली आणि नंतर लेखकांचा कारखानाच उभा केला. त्यातूनच १९२७ मध्ये 'हार्डी बॉईज' ही मालिका निघाली, आणि तिच्यावर ज्याचं नाव असतं तो फ्रँकलिन डिक्सन नावाचा लेखक कधी नव्हताच.

प्रश्न : सगळी पोरांचीच पुस्तकं. मुलीचं साहस नाहीच का? (वाचक, औंध)

उत्तर : कमी आहे, पण आहे. ई.डी.ई.एन. साउथवर्थ या बाईंची 'द हिडन हँड' १८५९ मध्ये न्यूयॉर्क लेजर या साप्ताहिकात क्रमशः आली, तिची नायिका कॅपिटोला न्यूयॉर्कच्या रस्त्यावर पोट भरायला मुलाचे कपडे घालून पेपर विकते आणि पुढं दरोडेखोरांनाही पुरून उरते. मोठ्यांसाठीची होती, पण चौदा-पंधराची मुलगी आरामात वाचेल. मला ती टॉमपेक्षा धीट वाटते.

प्रश्न : ही पुस्तकं मिळणार कुठं? (बऱ्याच जणांचा)

उत्तर : ट्वेन १९१० मध्येच वारला, त्यामुळं कॉपीराइट केव्हाच संपलाय, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आणि कायदेशीर मिळतं. ऐकायचं असेल तर लिब्रिव्हॉक्स. छापील हवं तर अप्पा बळवंत चौकात विचारा, फक्त घेताना 'अब्रिज्ड', म्हणजे छाटलेली, असं लिहिलंय का ते बघा. हकच्या पहिल्या अमेरिकन आवृत्तीत केंबल या चित्रकाराची १७४ चित्रं होती, ती असलेली प्रत मिळाली तर सोडू नका.

प्रश्न : मी मराठी शाळेत शिकवते. हकचा एखादा चॅप्टर मुलांकडून मराठीत करून घ्यायचाय. हकची बोली कशी करायची? (शिक्षिका, हडपसर)

उत्तर : किती छान काम काढलंत! ट्वेननं पुस्तकाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलंय की आपण यात वेगवेगळ्या बोली मुद्दाम, खपून वापरल्यात. तो स्वतः मिसिसिपीच्या काठी हॅनिबल गावात वाढला, नंतर बोटीवर पायलट होता, त्याचं टोपणनावसुद्धा नदीतलंच : 'मार्क ट्वेन' म्हणजे दोन वाव पाणी, बारा फूट, बोट जायला पुरेसं. आपले कोळी समुद्र वावांत मोजतात तसंच. असा कान असलेल्या माणसाचं पुस्तक पुस्तकी मराठीत केलं की मरतं.

तुमच्या वर्गातली मुलं घरी जे बोलतात त्यातच हक बोलू दे. बार्शीचं, बीडचं, वऱ्हाडी, मावळी, जे असेल ते. 'माझं नाव ऐकलं असंल तर त्या टॉम सॉयरच्या पुस्तकामुळंच', असं एखाद्या पोरानं लिहिलं तर 'असंल' खोडू नका.

जिमच्या बाबतीत मात्र जपून. त्याला आपल्याकडच्या एखाद्या विशिष्ट समाजाची बोली द्यायचा मोह होईल, ते टाळा, नाहीतर वर्गातल्या कुणातरी मुलाच्या घरची भाषा गुलामाची भाषा होऊन बसेल. जिम आणि हक एकाच गावचे. दोघांना एकच बोली द्या आणि फरक स्वभावात ठेवा, हक तुटक आणि घाईत बोलणारा, जिम थांबत, समजावत बोलणारा. पंधरावा चॅप्टर घ्या, धुक्याचा, ज्यात हक जिमची थट्टा करतो आणि मग माफी मागायला मनाची तयारी व्हावी म्हणून पंधरा मिनिटं घालवतो. लहान आहे, दोघंच बोलतात, दोन तासिकांत होईल. मुलांनी लिहिलेलं माझ्याकडं पाठवा, पुढच्या अंकात त्याला जागा ठेवते.