वाचक विचारतात : वर्दळीच्या बंदरात निवांत कयाकिंग

प्रश्न : आम्ही चौघे तलावात कयाक वल्हवतो. आता एका मोठ्या बंदराच्या जलमार्गात रमतगमत फेरी मारण्याचा विचार आहे. तेथे मालवाहू जहाजे, फेरीबोटी आणि टग (इतर जहाजे ओढणाऱ्या बोटी) यांची सतत ये-जा असते. वल्ह्याच्या नावेला यांत्रिक जहाजाने वाट द्यायची असते, असे ऐकले आहे. त्यावर विसंबावे काय? आणि जहाजांच्या लाटांचे काय करावे?

उत्तर : विसंबू नये. समुद्रावरील टकरी टाळण्यासाठी १९७२ साली जी आंतरराष्ट्रीय नियमावली ठरली, तिच्या नवव्या नियमानुसार, जे जहाज केवळ अरुंद जलमार्गातूनच सुरक्षित जाऊ शकते त्याच्या वाटेत २० मीटरांहून कमी लांबीच्या कोणत्याही नौकेने अडथळा आणायचा नसतो. आपली कयाक अर्थातच त्यात मोडते. शिवाय मोठ्या जहाजाच्या चालककक्षातून पुढच्या टोकासमोरचे बरेच पाणी दिसतच नाही. जहाजाच्या लांबीच्या दुप्पट किंवा ५०० मीटर, यांपैकी जे कमी असेल तेवढा पट्टा झाकला गेला, तरी ते आंतरराष्ट्रीय निकषांत बसते. जो आपल्याला पाहूच शकत नाही, त्याच्याशी हक्काचा वाद घालण्यात काय हशील?

त्यामुळे निवांतपणा हवा असेल, तर तो बोयांनी (पाण्यावर तरंगत्या खुणांनी) आखलेल्या मार्गाच्या बाहेर, उथळ बाजूला शोधावा. मार्ग ओलांडताना मात्र रमतगमत चालत नाही. समजा, मार्ग ३०० मीटर रुंद आहे. ताशी ५ किलोमीटरच्या सावकाश वेगाने तो पार करायला साडेतीन मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि तेवढ्यात १० नॉट (ताशी सुमारे साडेअठरा किलोमीटर) वेगाचे जहाज एक किलोमीटरहून अधिक अंतर कापते. म्हणून दोन्ही बाजूंना नजर टाकावी, चौघांनी एकमेकांना चिकटून राहावे आणि मार्गाला काटकोनात, न थांबता पार व्हावे. एक पुढे आणि तिघे मागे रेंगाळत असतील, तर जहाजाच्या कप्तानाने कोणाला चुकवायचे? येणारे जहाज आपल्या दृष्टीने एकाच दिशेला स्थिर दिसत असेल आणि आकाराने वाढत असेल, तर टक्कर होणार असे समजावे आणि ताबडतोब मागे फिरावे. पाच किंवा अधिक आखूड भोंगे ऐकू आले, तर आपला इरादा समोरच्याला कळलेला नाही किंवा आपण पुरेसे बाजूला होत नाही आहोत, असा त्याचा अर्थ होतो.

टग बार्ज (सपाट तळाची मालवाहू नौका) ओढत असेल, तर दोहोंमधली मोकळी दिसणारी जागा मोकळी नसते. ओढदोर कित्येकदा सैल पडून पाण्याखाली गेलेला असतो आणि ताण येताच झटक्यात वर येतो. त्या फटीतून कधीही जाऊ नये. धक्क्याला लागलेल्या जहाजाचे दोर सुटू लागले असतील किंवा त्याच्या मागच्या बाजूचे पाणी घुसळू लागले असेल, तर तेथूनही दूर व्हावे.

लाटांकडे वळू. लाट येते ती जहाज निघून गेल्यावर, म्हणजे नेमके आपण सुटकेचा श्वास टाकून छायाचित्र काढायला सरसावतो तेव्हा. कयाकचे तोंड लाटेकडे वळवावे, कंबर सैल सोडावी आणि हलके वल्हवत राहावे. वल्ह्याचे पाते पाण्यात असले की तोल सावरतो. काठाजवळ राहणे म्हणजे उभ्या भिंतीला खेटून राहणे नव्हे, कारण भिंतीवर आपटून परतणारी लाट मागून येणाऱ्या लाटेला भिडते आणि पाणी कोणत्याही एका दिशेने न येता जागच्या जागी उसळू लागते. उतरत्या उथळ किनाऱ्यावर निराळा प्रकार घडतो. जवळून मोठे जहाज जाताना पाणी आधी मागे ओढले जाते, कधी कयाक चिखलात टेकते, आणि मग लाट फुटत येते.

लाइफ जॅकेट अंगात घालून बंद केलेले असावे, शिट्टी त्यालाच बांधावी. भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून परतीचा प्रवास प्रवाहाच्या दिशेने होईल असा बेत आखावा; वारा प्रवाहाच्या उलट वाहत असेल, तर लाटा आखूड आणि उभ्या होतात, हे ध्यानात ठेवावे. अंधार पडण्याआधी परतणे उत्तम, पण उशीर झालाच तर वल्ह्याच्या नौकेजवळ किमान पांढऱ्या उजेडाची विजेरी तयार असावी आणि ती टक्कर टाळता येईल इतक्या आधी दाखवावी, असे वरील नियमावलीच सांगते.